दोन गच्च्यांमधली हवा

शाळेची जुनी इमारत रस्त्याच्या या बाजूला, नवी त्या बाजूला. किंवा सोसायटीचं ऑफिस ए विंगमध्ये आणि क्लब हाउस मैदानापलीकडे. फायबरची केबल एकाच इमारतीत आलेली असते. ती दुसरीत न्यायची तर खणायची परवानगी, चर, पाइप, पुन्हा डांबर असा सगळा खटाटोप करावा लागतो. हल्ली त्याऐवजी दोन गच्च्यांवर दोन छोट्या पांढऱ्या अँटेना समोरासमोर बसवतात आणि संध्याकाळपर्यंत पलीकडच्या वर्गात व्हिडिओ चालू झालेला असतो. चारशे मीटर मोकळी हवा केबलची जागा घेते.

या सगळ्या मांडणीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती मधली हवाच. उपकरणं दुकानात मिळतात, त्यांच्यावर कंपनीचं नाव असतं, वॉरंटी असते. हवेवर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे काही नाही असंच आपण धरून चालतो. पण नेटवर्क चालणार की रडणार हे बहुतेक वेळा तीच ठरवते, आणि ती नीट बघायला शिकलं की रिकाम्या जागेत केवढं काय घडत असतं ते उलगडायला लागतं.

आधी तिचा आकार. एका गच्चीवरून दुसरी स्पष्ट दिसते, मध्ये काही नाही, म्हणजे वाट मोकळी, असं डोळा सांगतो. लहरीचं तसं नसतं. ती एका बारीक रेषेतून जात नाही. सरळ वाटेच्या वरून, खालून, बाजूंनी थोड्या लांबच्या वाटांनीही ती पोचते, आणि पलीकडच्या अँटेनेत या सगळ्या वाटांची बेरीज होते. जी वाट सरळ वाटेपेक्षा अर्ध्या लहरीने लांब पडते, तिच्यावरून येणारी लहर नेमकी उलटी पोचते, शिखराच्या जागी दरी. त्याच्या आतल्या वाटा मात्र एकमेकींना साथ देतात. या साथ देणाऱ्या वाटांची मिळून जी जागा होते ती मध्ये फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती, एखाद्या लांबलचक काकडीसारखी असते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. फ्रेनेल हा फ्रान्समधला रस्ते बांधणारा इंजिनिअर. प्रकाश ही लहर आहे हे त्याने १८१८ च्या सुमारास गणिताने मांडलं, दीपगृहांसाठी भिंगं घडवली आणि १८२७ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. रेडिओ लहरींची चाहूलही तेव्हा कुणाला नव्हती. तरी आज गच्चीवर पोल किती उंच लावायचा हे त्याच्याच गणिताने ठरतं.

आकडे घालून बघू. बाहेरच्या जोडणीसाठी सहसा ५.८ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्यातली लहर सुमारे ५ सेंटीमीटर लांब. अर्धी लहर म्हणजे अडीच सेंटीमीटरच्या थोडी वर. चारशे मीटरच्या प्रवासात एवढासाच जास्तीचा पल्ला पडेल अशी वाट शोधायची, तर नेमकं मध्यावर सरळ रेषेपासून किती दूर जाता येईल? सव्वादोन मीटर! म्हणजे डोळ्याला रेषा दिसते तिथे मध्यावर साडेचार मीटर व्यासाचा बोगदा आहे. त्याच्या त्रिज्येचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा, असा या धंद्यातला नियम आहे. म्हणजे रेषेच्या सगळ्या बाजूंना जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटीमीटर. मधल्या बंगल्यावरची पाण्याची टाकी रेषेच्या हातभर खाली असली, की डोळ्याला समोरची गच्ची स्वच्छ दिसत राहते आणि स्पीड मात्र कोलमडतो. उपाय साधा असतो. पोल मीटरभर उंच करायचा किंवा गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा. कशामुळे बिघडलं ते कळायलाच दिवस जातात, कारण जे अडलं आहे ते दिसतच नाही.

आता ताकद. अशी छोटी अँटेना बाहेर टाकते ती साधारण २०० मिलिवॉट. झीरोच्या बल्बपेक्षाही कितीतरी कमी. ती पसरत पसरत चारशे मीटर जाते आणि पलीकडे जे पोचतं ते एका वॉटचा तीन कोटीवा भाग. टेक्निशियनच्या मोबाइलवर हा आकडा ‘मायनस ४५’ असा दिसतो आणि तो खूश होतो, कारण हा दणदणीत सिग्नल आहे. याच्याही हजाराव्या भागावर, मायनस ७५ वर, जोडणी तग धरून राहते. पसरट अँटेनेऐवजी झोत एकवटणारी अँटेना वापरल्याने हे साधतं. एका बाजूला चाळीस पट फायदा, दुसऱ्या बाजूला चाळीस पट, एकूण सोळाशे पट. वीज तेवढीच. फक्त ती जिथे नको तिथे जात नाही. ऐकणारी अँटेनाही नको त्या दिशांकडून येणारा गोंगाट घेत नाही. एकाच तुकड्याला बोलताना आणि ऐकताना सारखीच दिशा साधते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आणखी एक चमत्कार याच तुकड्यात दडलेला असतो. लहर उभी थरथरू शकते तशी आडवीही. उभी लहर उभ्या अँटेनेलाच नीट ऐकू येते, आडवी आडवीला. म्हणून एकाच पांढऱ्या डब्यात दोन अँटेना काटकोनात बसवलेल्या असतात आणि त्याच हवेतून, त्याच क्षणी, त्याच फ्रीक्वेन्सीवर दोन वेगवेगळे संदेश एकमेकांना न दुखवता जातात.

अँटेना जुळवण्याचं काम प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. या गच्चीवर एक, त्या गच्चीवर एक, दोघांचे फोन स्पीकरवर. ‘डावीकडे घे जरा. अजून. थांब, थांब. बासष्ट. अजून किंचित. एकोणसाठ. गेलं, परत ये.’ एका वेळी एकानेच हलवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आधी डावं-उजवं, मग वर-खाली. अंतर वाढलं की डिश मोठी लागते आणि डिश मोठी झाली की झोत अरुंद होतो, काही अंशांचाच. अशा वेळी एक फसगत ठरलेली असते. अँटेनेला मुख्य झोताबरोबर बाजूंना दुबळे झोतही असतात. डिश फिरवताना आकडा चढतो, एका जागी शिगेला पोचतो, पुढे नेलं की उतरतो. इथेच नट आवळावेत असं वाटतं. पण ती बाजूच्या झोताची शिग असू शकते. कसलेला माणूस उतार लागल्यावरही डिश आणखी पुढे नेतो, आकडा पार पडू देतो, आणि मग कधी कधी त्याच्याही पलीकडे तो अचानक वीस डेसिबलनी, म्हणजे शंभर पटींनी उसळतो. खरा झोत तिथे असतो. त्यानंतर नट आवळतानाही नजर आकड्यावरच ठेवायची, कारण पान्याच्या शेवटच्या पिळाला डिश किंचित सरकतेच.

सरळ वाटेखेरीज शहरात आणखी एक प्रकार असतो: प्रतिध्वनी. लहर समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटते, पत्र्याच्या शेडवर आपटते आणि थोड्या उशिराने पोचते. डेटा वेगाने पाठवायचा म्हणजे खुणा एकामागोमाग भराभर पाठवायच्या, आणि पहिल्या खुणेचा प्रतिध्वनी दुसरीवर येऊन आदळला की सगळा काला होतो. यावरच्या तोडग्यात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे, आणि त्याचं मूळ कुठे असावं? कृष्णविवरांत. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी मांडलं, की अगदी लहान कृष्णविवरं शेवटी स्फोट होऊन संपत असावीत. त्या स्फोटाची रेडिओ खूण आकाशात सापडते का, याचा शोध घेणाऱ्यांत जॉन ओ’सुलिव्हन हे इंजिनिअर होते. खूण सापडली नाही. पण अंतराळातून येताना विस्कटलेला संकेत गणिताने पुन्हा गोळा कसा करायचा, यात त्यांचा हात बसला. १९९० च्या सुमारास खोलीतल्या भिंतींवर आपटून विस्कटणारे संकेत सावरायचं काम पुढे आलं, तेव्हा तीच विद्या कामी आली. युक्ती अशी: एक वेगवान धार पाठवण्याऐवजी तिच्या पन्नासेक संथ धारा करायच्या आणि शेजारशेजारच्या फ्रीक्वेन्सींवर एकाच वेळी सोडायच्या. प्रत्येक खूण मग ४ मायक्रोसेकंद टिकते, आणि त्यातला पहिला ०.८ मायक्रोसेकंद ऐकणारा सोडून देतो. या वेळात लहर २४० मीटर जाते. म्हणजे सरळ वाटेपेक्षा २४० मीटरपर्यंत लांबचा फेरा मारून आलेले प्रतिध्वनी त्या सोडून दिलेल्या अवधीतच विरून जातात. मधल्या चौकातल्या काचेच्या इमारती अशाने निरुपद्रवी होतात.

दोन इमारतींचं झालं. तिसरी, चौथी जोडायला गेलं की वेगळाच प्रश्न येतो, आणि तो भौतिकशास्त्राइतकाच शिष्टाचाराचा आहे: हवेत कुणी कधी बोलायचं?

त्याचं पहिलं उत्तर हवाई बेटांवर मिळालं. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता, विद्यापीठाच्या शाखा दुसऱ्या बेटांवर आणि मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून १९७१ मध्ये रेडिओवर चालणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. नियम आश्चर्य वाटावं इतका सोपा होता. बोलायचं असेल तेव्हा बोल. पोचल्याची पावती आली तर ठीक. नाही आली तर दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर तुझं बोलणं आदळलं असं समज, मनाला येईल तेवढा वेळ थांब आणि पुन्हा बोल. ‘मनाला येईल तेवढा’ यातच सगळी गोम आहे. दोघंही मोजून सारखंच थांबले तर जन्मभर एकमेकांवर आदळत राहतील. अब्रामसन यांनी गणित केलं, तर अशा कारभारात हवेची जेमतेम १८ टक्के कुवत उपयोगी पडते असं निघालं. तरी ते चाललं. आजच्या वाय-फायने त्यात एक सभ्यपणा आणला. बोलण्याआधी ऐक, हवा शांत असेल तरच बोल. बाकी पावती आणि मनाला येईल तेवढं थांबणं तेच.

खोलीत हे छान चालतं, गच्च्यांवर मोडतं. मधल्या इमारतीला पूर्वेची आणि पश्चिमेची अशा दोन इमारती जोडल्या आहेत असं धरा. दोन्ही अँटेनांची तोंडं मध्याकडे, पण एकमेकींच्या मध्ये सहा मजली भिंत. पूर्वेची ऐकते, शांतता आहे. पश्चिमेची ऐकते, शांतता आहे. दोघी बोलतात आणि मधलीच्या कानात गोंधळ होतो. म्हणून इमारती-इमारतींसाठी घडवलेली उपकरणं वाय-फायच्याच चिपवर पाळ्या लावतात. मधली ठरवते, आता तू, मग तू. माझं स्पष्ट मत आहे की घरातला एक्स्टेंडर खिडकीत ठेवून शेजारची इमारत जोडण्याच्या भानगडीत पडू नये. तो एकाच रेडिओने ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा होतो. बाहेर लावायच्या अँटेनांची जोडी घ्यावी आणि इमारतीच्या आत वेगळा राउटर लावावा.

पाळ्यांची सर्वांत देखणी कल्पना मला आयआयटी कानपूरच्या कामात दिसते. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू, जे पुढे आयआयटी मुंबईत आले, त्यांच्यासारख्या मंडळींनी या शतकाच्या सुरुवातीला गंगेच्या सपाट प्रदेशात साध्या वाय-फायच्या लांब जोडण्यांची साखळी उभारली होती. एकाच टॉवरवर चार दिशांना चार अँटेना. एक बोलत असताना शेजारची दूर गावाकडून येणारा क्षीण आवाज ऐकू बघते आणि तिच्या कानाशीच ओरडा चालू असतो. त्यांनी सुचवलं, टॉवरवरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलावं आणि एकदम ऐकावं. बोलणाऱ्याला शेजारच्याच्या ओरडण्याचा त्रास नसतो, ऐकताना कुणी ओरडत नसतं. त्यासाठी समोरच्या टॉवरने उलट करायचं. आता महागड्या उपकरणांत ही पाळी अनेक टॉवर मिळून सांभाळतात, आणि सगळ्यांची घड्याळं जुळवतात जीपीएसच्या उपग्रहांवरून, २०,००० किलोमीटर उंचीवरच्या अणुघड्याळांच्या ठोक्यावर. उसाच्या फडापलीकडच्या दोन डब्यांनी बोलायचं कधी, हे आकाशातलं घड्याळ सांगतं.

अंतर फार वाढलं की प्रकाशाचा वेगही कमी पडायला लागतो. चारशे मीटर जायला लहरीला सव्वा मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतो, आणि पावतीची वाट बघायला वाय-फायने ठेवलेला वेळ काही मायक्रोसेकंदांचाच असतो. दूरची पावती उशिरा येते. तोवर पाठवणारा ‘पोचलं नाही’ असं धरून तेच पुन्हा पाठवत सुटतो. म्हणून या उपकरणांत अंतर भरायची एक जागा असते. पुष्कळ जण ती तशीच सोडतात आणि मग स्पीड का येत नाही म्हणून डिश हलवत बसतात. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००६ मध्ये २७९ किलोमीटर आणि २००७ मध्ये ३८२ किलोमीटरवर वाय-फाय जोडून दाखवलं, टाकून दिलेल्या सॅटेलाइट डिश वापरून. एक टोक ४,२०० मीटर उंचीच्या अँडीज पर्वतात होतं, आणि ती उंची हवीच होती, कारण एवढ्या अंतरात पृथ्वीचा फुगवटाच मध्ये पावणेतीन किलोमीटरहून जास्त उभा राहतो. तिथे पावतीला जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद लागतात. म्हणून २००७ च्या प्रयोगात बर्कली विद्यापीठाच्या एरिक ब्रुअर यांच्या गटाने बदललेली प्रणाली वापरली. हाच गट तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाबरोबर काम करत होता. गावातल्या केंद्रात बसलेल्या माणसाचे डोळे थेनीतले डॉक्टर लांब पल्ल्याच्या वाय-फायवरून, व्हिडिओवर तपासायचे. त्या गटाचा एक अनुभव फार मोलाचा आहे. तिथे लहरींपेक्षा विजेने जास्त छळलं. दाब चढ-उतार करायचा आणि बोर्ड जळायचे.

आणि मग आपला पावसाळा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला पाऊस स्वतः फारसा अडवत नाही. झाड अडवतं. मार्च-एप्रिलमध्ये साग ओकाबोका असतो. फांद्यांमधून पलीकडची गच्ची दिसते, जोडणी लागते, बिल चुकतं होतं. जूनमध्ये त्याला पानं फुटतात, जुलैत ती रुंद आणि पाण्याने निथळती होतात, आणि पाणी या लहरीची ऊर्जा पिऊन टाकतं. म्हणून जोडणीची जागा उन्हाळ्यात बघितली तरी हिशोब श्रावणातल्या झाडाचा करावा.

६० गिगाहर्ट्झच्या नव्या उपकरणांचं गणित आणखी निराळं. तिथे प्रत्यक्ष हवेतला ऑक्सिजनच लहर गिळतो, किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल, म्हणजे तीस पटींनी क्षीण. जोराच्या सरीत तर विचारूच नका. पण याच दुर्गुणामुळे आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जात नाही आणि तीच फ्रीक्वेन्सी शेजाऱ्यालाही वापरता येते. या लहरी भारताला नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात घडवलेल्या उपकरणांत ५ मिलिमीटरपर्यंत आखूड लहरी होत्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या.

वाय-फायच्या पट्ट्यांवर बोलायला परवाना लागत नाही, हेही आपोआप झालेलं नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये खुला झाला, ताकदीची आणि पोलच्या उंचीची मर्यादा घालून. गच्चीच्या वर पाच मीटर, त्यापुढे नाही. त्याच वर्षी हिमाचलातल्या धर्मशाळा गावात डोंगरउतारावरच्या इमारती जोडणारं सामुदायिक जाळं उभं राहू लागलं, आणि माकडं अँटेनांना लोंबकळू लागली. ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे इमारतीबाहेर वापरायला २०१८ मध्ये मोकळे झाले.

झाडांच्या प्रश्नावर पालघरमध्ये वेगळीच वाट शोधली गेली. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ या प्रकल्पात दूरचित्रवाणीच्या पट्ट्याकडे लक्ष वळवलं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये १५ वाहिन्यांची जागा आहे, आणि त्यांच्या अभ्यासात आढळलं की देशात कुठेही गेलं तरी त्यांतल्या किमान १२ रिकाम्या आहेत. तिथली लहर साधारण पन्नास ते साठ सेंटीमीटर लांब. पानं तिला ५ गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा खूपच कमी अडवतात, त्यामुळे ती झाडीतून पार होते. पालघरच्या पाड्यांवर त्यांनी हे चालवून पाहिलं. मोठ्या गावातल्या टॉवरपासून पाड्यापर्यंत ही लांब लहर, आणि पाड्यावर पोचल्यावर तिचं साध्या वाय-फायमध्ये रूपांतर, कारण हातातल्या मोबाइलला टीव्हीच्या पट्ट्यावर बोलता येत नाही.